अपडेटनंतर बिघडलेला लिनक्स सर्व्हर पुन्हा सुरळीत कसा करावा

सिस्टम अपडेट झाल्यावर सर्व्हर सुरूच झाला नाही, किंवा सुरू झाला पण त्यावरचे संकेतस्थळ, डेटाबेस अथवा ई-मेल सेवा बंद पडली, की पुन्हा एकदा रीबूट करून पाहावे असे चटकन मनात येते. ते टाळावे. अपडेटमधून उद्भवलेला बिघाड बहुधा शोधून काढता येतो, कारण कोणते पॅकेज कधी बदलले आणि त्यानंतर कोणत्या सेवेने काय तक्रार केली, याची नोंद यंत्रणेने स्वतःच केलेली असते. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही निर्देशिका अस्तित्वात नसेल, तर मात्र सिस्टमडी या सेवा सुरू व बंद करणाऱ्या प्रणालीचा लॉग केवळ मेमरीत राहतो आणि रीबूट करताच नाहीसा होतो. म्हणूनच आधी नोंदी वाचाव्यात, मग निदान करावे आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. हा क्रम मोडला की मूळ बिघाड कोणता आणि आपण दुरुस्तीच्या भरात घातलेली भर कोणती, हे वेगळे काढणे अवघड होते.

पुढील मजकूर उबंटू व डेबियन, तसेच रेड हॅट, रॉकी, अल्मा व फेडोरा या दोन कुटुंबांतील सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली असली, तरी टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकावीत.

हात लावण्यापूर्वी

एसएसएचचे, म्हणजे दूरवरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या सोयीचे, एखादे सत्र अजून उघडे असेल, तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ते बंद करू नये. एसएसएच सेवा पुन्हा सुरू केली, तरी आधीपासून जोडलेले सत्र सहसा तुटत नाही; त्यामुळे नवे लॉगिन अडले, तरी आत जाण्याची एक वाट आपल्या हातात राहते. त्याशिवाय, नेटवर्कवर अवलंबून नसलेल्या कन्सोलपर्यंत आपण पोहोचू शकतो का, हे आधीच तपासावे. आभासी सर्व्हर असेल, तर सेवापुरवठादाराच्या नियंत्रण पानावर असा कन्सोल मिळतो. प्रत्यक्ष यंत्र असेल, तर आयपीएमआयसारखी दूरनियंत्रण सोय किंवा यंत्राला जोडलेला पडदा व कळफलक वापरावा.

आभासी सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घेता येत असेल, तर तो बिघडलेल्या अवस्थेतच घ्यावा. बिघडलेल्या गोष्टीची प्रत कशाला, असे वाटू शकते. परंतु दुरुस्ती करताना परिस्थिती आणखी चिघळली, तर निदान सुरुवातीच्या बिंदूवर परतता येते. ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा देऊन कामाला सुरुवात केल्यास टर्मिनलवरील सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरतो, आणि काही तासांनी आपण नेमके काय केले होते हे आठवत बसावे लागत नाही.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे

सर्व्हर सुरू होताना आधी फर्मवेअर, मग ग्रब हा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम), मग कर्नल (यंत्रणेचा गाभा) आणि त्याच्या सोबतची, सुरुवातीला लागणारी मॉड्यूल असलेली इनिट-रॅम-एफएस ही फाइल, मग सिस्टमडी आणि शेवटी सेवा, असा क्रम असतो. कन्सोलवर दिसणाऱ्या मजकुरावरून गाडी कुठे अडली ते बरेचदा कळते. ‘ग्रब रेस्क्यू’ असा संकेत दिसला, तर बूटलोडरला आपल्याच फाइली सापडलेल्या नाहीत. कर्नल पॅनिक होऊन रूट फाइल सिस्टम माउंट करता (जोडता) आली नाही असा संदेश आला, तर इनिट-रॅम-एफएस तयारच झालेली नाही, अपुरी आहे किंवा तिच्यात डिस्कसाठी लागणारे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) नाही, अशी शंका घ्यावी. यंत्रणा ‘इमर्जन्सी मोड’मध्ये गेली, तर कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ फाइलमधील एखादी ओळ आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नसण्याची शक्यता मोठी असते. लॉगिन होत असेल, तर प्रश्न सेवांचा किंवा नेटवर्कचा आहे.

बूटलोडरच्या टप्प्यावरील बिघाड दुर्मिळ असले, तरी अशक्य नाहीत. २०२०च्या जुलैमध्ये ग्रबमधील ‘बूटहोल’ ही त्रुटी उघड झाली, आणि तिच्यावरचा सुरक्षा अपडेट बसवल्यानंतर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७ व ८ या आवृत्त्यांवरील अनेक यंत्रे सुरूच होईनाशी झाली. विश्वासार्ह स्रोतातून आलेला, तातडीचा आणि योग्य हेतूचा अपडेटही यंत्र बंद पाडू शकतो, एवढे यावरून ध्यानात ठेवावे.

जुन्या कर्नलवरून सुरुवात

सर्व्हर बूट होत नसेल, पण ग्रब दिसत असेल, तर सर्वांत सुरक्षित पहिला उपाय म्हणजे आधीचा कर्नल निवडणे. उबंटूमध्ये मेनू दिसत नसल्यास जुन्या बायॉस यंत्रांवर शिफ्ट कळ दाबून ठेवावी आणि यूईएफआय यंत्रांवर एस्केप कळ दाबावी. त्यानंतर प्रगत पर्यायांत जुनी आवृत्ती सापडते. रेड हॅट कुटुंबात मूळ मांडणीनुसार तीन कर्नल ठेवले जातात आणि ते मेनूत थेट दिसतात. जुन्या कर्नलने सर्व्हर नीट सुरू झाला, तर दोष नव्या कर्नलमध्ये, त्याच्या इनिट-रॅम-एफएसमध्ये किंवा त्यासाठी वेगळ्या बांधाव्या लागणाऱ्या मॉड्यूलमध्ये आहे, एवढे निश्चित होते आणि शोधाचे क्षेत्र एकदम आकसते.

आत गेल्यावर ‘डीएफ -एच /बूट’ ही आज्ञा द्यावी. ‘/बूट’ हे स्वतंत्र आणि लहान विभाजन असेल, तर ते भरून जाणे हे अपडेट अर्धवट राहण्याचे फार नेहमीचे कारण आहे: कर्नलची फाइल लिहिली जाते, इनिट-रॅम-एफएससाठी मात्र जागा उरत नाही. अशा वेळी ‘/बूट’मधील फाइली हाताने पुसू नयेत, जुने कर्नल पॅकेज व्यवस्थापकाकरवीच काढावेत, आणि ‘युनेम -आर’ने दाखवलेला, म्हणजे सध्या चालू असलेला कर्नल वगळावा. जागा झाली की डेबियन कुटुंबात ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ ही आज्ञा द्यावी. रेड हॅट कुटुंबात ‘ड्रेकट --फोर्स --केव्हर’ लिहून पुढे नव्या कर्नलची आवृत्ती द्यावी. आवृत्ती दिली नाही, तर आज्ञा चालू कर्नलचीच फाइल पुन्हा तयार करते आणि बिघडलेली तशीच राहते. डिस्क नियंत्रक, ग्राफिक कार्ड किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टम यांची मॉड्यूल डीकेएमएस या, प्रत्येक कर्नलसाठी ती नव्याने बांधणाऱ्या सोयीमार्फत बांधली जात असतील, तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ती बसवल्याची नोंद आहे का, तेही पाहावे.

इमर्जन्सी मोडमध्ये रूट फाइल सिस्टम केवळ वाचण्यापुरती उघडलेली असू शकते. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ दिल्याशिवाय बदल जतन होत नाहीत. ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ही आज्ञा एफएसटॅबमधील चुका दाखवते, आणि ‘बीएलकेआयडी’ने मिळणारे डिस्कचे ओळखक्रमांक तिथल्या नोंदींशी पडताळता येतात. बूट होण्यासाठी आवश्यक नसलेल्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालावा, म्हणजे ती नसली तरी बूट अडत नाही.

कोणताच कर्नल चालत नसेल, तर त्याच वितरणाच्या इन्स्टॉलेशन माध्यमावरून यंत्र सुरू करावे. मूळ रूट विभाजन ‘/एमएनटी’वर माउंट करावे, त्याखाली ‘/बूट’ आणि असल्यास ‘/बूट/ईएफआय’ जोडावे, ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’ आणि ‘/सिस’ हे ‘माउंट --बाइंड’ने आत आणावेत आणि मग ‘सीएचरूट /एमएनटी’ म्हणून आपल्याच यंत्रणेत शिरावे. ‘/बूट’ जोडायचे राहून गेले, तर नव्या फाइली भलत्याच जागी लिहिल्या जातात आणि दुरुस्ती झाल्याचा नुसता आभास होतो.

अपडेटमध्ये नेमके काय बदलले

उबंटू व डेबियनवर ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ या फाइलमध्ये प्रत्येक वेळी कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले हे लिहिलेले असते, तर शेजारच्या ‘टर्म.लॉग’मध्ये त्या वेळी पडद्यावर उमटलेले संदेश असतात. रेड हॅट कुटुंबात ‘डीएनएफ हिस्टरी’ने व्यवहारांची यादी आणि ‘डीएनएफ हिस्टरी इन्फो’ला क्रमांक देऊन तपशील मिळतो. ही यादी हाताशी असली की पुढच्या प्रत्येक त्रुटीच्या संदेशाला संदर्भ मिळतो.

अपडेट मध्येच तुटला असेल, तर डेबियन कुटुंबात ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या आज्ञा द्याव्यात. दुसरी आज्ञा संमती मागण्यापूर्वी काढून टाकायच्या पॅकेजेसची यादी दाखवते. ती शब्दन् शब्द वाचावी, कारण अवलंबन सोडवण्याच्या नादात तिने डेटाबेस सर्व्हरच काढायचा प्रस्ताव मांडलेला असू शकतो. कुलूप फाइल (दुसरी प्रक्रिया पॅकेजांवर काम करत असल्याची खूण) अडवत आहे असा संदेश आला, म्हणून ती पुसून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला घातक वाटतो. पार्श्वभूमीला स्वयंचलित अपडेट अजून चालू असण्याचीच शक्यता जास्त असते, आणि दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू लागल्या तर साधा बिघाड गंभीर होतो. आधी ‘पीएस’ने ती प्रक्रिया शोधावी आणि संपू द्यावी.

बंद पडलेल्या सेवा

‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ या आज्ञेने अयशस्वी सेवांची यादी मिळते. त्यातील प्रत्येकीसाठी ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ लिहून पुढे सेवेचे नाव द्यावे आणि लॉग वरून खाली वाचावा. शेवटची ओळ बहुतेकदा सेवा बंद पडली एवढेच सांगते. कारण त्याच्या बरेच वर, पहिल्या त्रुटीत असते. आधीच्या बूटमधील त्रुटी हव्या असतील, तर ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी एरर’ वापरावे. यातील ‘एरर’ हा शब्द टंकताना ई, आर, आर एवढाच लिहावा.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइली. आपण बदललेली फाइल अपडेट सहसा पुसत नाही. पॅकेजची नवी फाइल शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ किंवा ‘.आरपीएमन्यू’ अशा शेवटाने ठेवली जाते. उलट आपली फाइल बाजूला सारून नवी लागू झाली असेल, तर जुनी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ किंवा ‘.आरपीएमसेव्ह’ या नावाने सापडते. ‘/ईटीसी’मध्ये ‘फाइंड’ने अशा फाइली शोधून ‘डिफ’ने दोन्हींतला फरक पाहिला, की नव्या आवृत्तीला न कळणारा जुना पर्याय किंवा हरवलेली आपली ओळ लगेच समोर येते. सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘एनजीनेक्स -टी’, ‘अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ किंवा ‘एसएसएचडी -टी’ यांनी मांडणी तपासून घ्यावी.

काही वेळा बिघाड नसतोच, तर मुद्दाम केलेला बदल असतो. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ या आवृत्तीने एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर आधारित आरएसए किल्ल्यांच्या सह्या मूळ मांडणीत बंद केल्या. त्यामुळे अपडेटनंतर फक्त जुन्या उपकरणांना लॉगिन करता येईना. अशा ठिकाणी सर्व्हरची सुरक्षा सैल करण्यापेक्षा जुन्या बाजूची किल्ली किंवा प्रोग्रॅम बदलणे बरे.

सेलिनक्स या प्रवेश नियंत्रित करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचा संशय असेल, तर ‘सेटएन्फोर्स ०’ने तो क्षणभर शिथिल करून सेवा चालते का पाहावे, लगेच ‘सेटएन्फोर्स १’ करावे आणि ‘रिस्टोरकॉन’ने फाइलींवरील लेबले दुरुस्त करावीत. तो कायमचा बंद करणे हा उपाय नव्हे.

मागे जावे की नाही

दोषी पॅकेज सापडले आणि नव्या आवृत्तीवर तोडगा नसेल, तर जुनी आवृत्ती बसवता येते. रेड हॅट कुटुंबात ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ला व्यवहाराचा क्रमांक दिला की तो व्यवहार उलटवला जातो, मात्र जुनी पॅकेजेस भांडारात उपलब्ध असावी लागतात. डेबियन कुटुंबात पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि आवृत्ती लिहून ‘एपीटी इन्स्टॉल’ करावे. जीलिबसीसारख्या, जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमचा आधार असलेल्या पॅकेजच्या बाबतीत मात्र हा प्रयोग करू नये. तिथे स्नॅपशॉट किंवा बॅकअप हाच मार्ग आहे.

डेटाबेसबाबत तर दुप्पट सावध राहावे. पॅकेज मागे गेले म्हणून विदा (डेटा) मागे जात नाही. मायएसक्यूएल ८.० ने एकदा विदेची रचना बदलली, की तिच्यावर ५.७ चालवता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीची विदा-निर्देशिकाही वेगळी असते. अशा वेळी अपडेटपूर्वीचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवून, तो वाचता येतो याची खात्री झाल्यावरच मूळ सर्व्हरला हात लावावा.

जुनी आवृत्ती बसवल्यावर ‘एपीटी-मार्क होल्ड’ किंवा डीएनएफच्या ‘व्हर्जनलॉक’ने ती गोठवावी, नाहीतर पुढच्या स्वयंचलित अपडेटमध्ये दोषी पॅकेज परत येईल.

सगळे सुरळीत वाटले, की गर्दी नसलेली वेळ निवडून एक रीबूट हेतुपुरस्सर करावा आणि कन्सोलवर तो पूर्ण होताना पाहावा. त्यानंतर अपेक्षित कर्नल चालू आहे का, अयशस्वी सेवांची यादी रिकामी आहे का आणि बाहेरच्या नेटवर्कवरून सेवा खरोखर प्रतिसाद देते का, या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. गोठवलेल्या पॅकेजचे नाव, कारण आणि तारीख सर्व्हरच्या नोंदवहीत लिहावी, म्हणजे दुरुस्त आवृत्ती आल्यावर ‘अनहोल्ड’ करण्याचे राहून जाऊन त्या पॅकेजचे सुरक्षा अपडेट महिनोन्‌महिने अडून राहणार नाहीत.