जुन्या स्लॅबची खडी नव्या कामात वापरताय? या चुका टाळा

पाडकाम सुरू झालं की घरमालकाचं सगळं लक्ष सळईकडे. भंगारवाला दारात उभा, दराची घासाघीस चाललेली, आणि मागे जेसीबी स्लॅब, वीट, माती, फरशी सगळं एकाच ढिगात लोटतोय. जुन्या काँक्रीटची खडी करून वापरायची असेल तर काम बिघडतं ते इथंच. पुढं क्रशर कितीही चांगला मिळू दे, एकदा कालवलेला ढीग पुन्हा वेगळा होत नाही.

सगळा राडारोडा काँक्रीट समजणं

कोल्हापूरच्या पेठांमधली जुनी घरं बघा. भिंती विटांच्या, जोडणी मातीची नाहीतर चुन्याची, आणि मागाहून चढवलेल्या मजल्याला तेवढा स्लॅब. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घन मापात चार ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा वर भरतो. खडीच्या कामाचा माल खरा तेवढाच, त्यामुळे तो जपायला हवा.

आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत हा फरक स्पष्ट आहे. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत चालते. सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, तेही एम २५ पर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत). एम १५ पेक्षा कमी ताकदीच्या पीसीसीत, म्हणजे पायाखाली घालतात तसल्या बिनसळईच्या हलक्या काँक्रीटमध्ये मात्र १०० टक्के चालते. वीट आणि गिलावा मिसळलेल्या खडीला पहिल्या दोन्ही ठिकाणी मनाई आहे, ती फक्त शेवटच्या कामाला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी दारं-खिडक्या, वायरिंग, पाइप. मग फरशी आणि पीओपीचं छत. पीओपी म्हणजे जिप्सम, ते खडीत राहिलं तर सिमेंटशी रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. पाव पाटी पीओपीसाठी अख्खा ढीग वाया घालवू नका. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका, अख्खे उतरवा, कारण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे सगळं निघाल्यावरच स्लॅबला ब्रेकर लावायचा आणि तो माल वेगळ्या ट्रॉलीत भरायचा.

कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकणं

सगळ्यात जास्त कामं या एका चुकीनं बिघडतात. राजारामपुरीतल्या एका कामावर मी हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. एप्रिलचं ऊन, खडी दोन दिवस तापलेली. मिक्सरचे पहिले दोन घाणे (एका वेळचा कालवलेला माल) छान उतरले, पण गाडा पायाच्या खड्ड्यापाशी जाईपर्यंत मालाचे गोळे झाले होते. गवंडी म्हणाला, "साहेब, माल आवळाय लागलाय, पाणी घालू काय?" मी वळेपर्यंत बिगाऱ्यानं बादली ओतलीसुद्धा.

झालं काय होतं? आपल्या काळ्या दगडाची खडी पाणी फारसं पीत नाही. जुन्या काँक्रीटच्या खडीला मात्र जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी शोषतो. समजा सिमेंटच्या एका गोणीच्या घाण्यात अशी २०० किलो खडी पडली आणि ती ५ टक्के पाणी पिणारी निघाली, तर १० लिटर पाणी तिनंच ओढलं. माल घट्ट होतो तो त्यामुळं, सिमेंट खराब असतं म्हणून नव्हे. आणि वरून अंदाजानं पाणी ओतलं की ताकद पडते. गोणीला २५ लिटर पाणी धरलं असेल आणि खडी आधीच भिजलेली असेल, तर वरची ५ लिटरसुद्धा पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ वरून ०.६ वर नेतात.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी खडीवर भरपूर पाणी मारा, ओल्या पोत्यांनी झाका. सकाळी खडी आतून ओली पण वरून चकाकणारं पाणी नसलेली हवी. किती पाणी पिते हे साइटवरच कळतं: ५ किलो कोरडी खडी २४ तास बुडवा, फडक्यानं पुसा, पुन्हा वजन करा. ५ किलो २५० ग्रॅम भरली तर ५ टक्के. १० टक्क्यांच्या वर गेली तर ती खडी काँक्रीटला घेऊ नका, भरावाला टाका.

क्रशरखालची भुकटी वाळू म्हणून वापरायचा मोह होतो. ती आणखी पाणी पिते, म्हणून मी ती भरावातच घालतो.

जागा चुकणं

पायाखालचा पीसीसी बेड, कंपाउंडच्या आतला कोबा, पार्किंगखालचा थर इथं ही खडी बिनधास्त वापरा. घरगुती कामात कॉलम-बीमला मी ती घेऊ देत नाही. मानक २० टक्के म्हणतं, पण ते वजनानं मोजमाप आणि चाचण्या धरून. घमेल्यानं मोजणाऱ्या साइटवर २० चे ४० कधी होतात कळत नाही. विहिरीला किंवा बोअरला लागूनही ती भरू नका, तिच्यातून झिरपणारं पाणी चुनखडीचं असतं आणि निचऱ्याच्या वाटा बुजवतं.

उरलेला राडारोडा पंचगंगेकाठी किंवा पूररेषेच्या आत तर मुळीच नको. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथं टाकलेला प्रत्येक डंपर पाण्याची जागा खातो.

साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के घालायची ठरली, तर मुख्य कामाआधी एक घाणा करून ताकद तपासायचे सहा क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरून ठेवा. तीन सातव्या दिवशी फोडा, तीन अठ्ठाविसाव्या.