बोकडाचे मस्तक: कमावलेले कातडे ढाच्यावर कसे बसवावे

‘पेंढा भरलेला वाघ’ असे आपण आजही म्हणतो. प्रत्यक्षात कातड्यात पेंढा कोंबण्याची पद्धत केव्हाच मागे पडली असून, आता प्राण्याच्या मापाचा फोमचा किंवा फायबरचा ढाचा करून त्यावर कमावलेले कातडे चढवले जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून या कामाचे केंद्र आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारी मालमत्ता ठरतो आणि परवान्याशिवाय त्याच्या कातड्याला हात लावता येत नाही. म्हणून शिकणाऱ्याने पाळीव प्राणीच घ्यावा. येथे शिंगे असलेल्या उस्मानाबादी बोकडाचे मस्तक आणि मान विचारात घेतली आहे.

कातडे कमावून वाळलेले असल्यास ते थंड पाण्यात मऊ होईपर्यंतच भिजवावे, पाणी निथळू द्यावे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. त्यानंतर ओठ, पापण्या आणि नाकपुड्यांभोवतीची जाड कातडी आतून रापीने तासून पातळ करावी. रापी म्हणजे चर्मकाराचे तेच रुंद पात्याचे हत्यार. महागड्या परदेशी सुऱ्यांपेक्षा ते मला अधिक सोयीचे वाटते. ही तासणी कंटाळवाणी असली तरी टाळू नये, कारण जाड राहिलेला ओठ वाळताना आक्रसून ढाच्यातील खाचेतून बाहेर येतो आणि मग प्राणी दात विचकल्यासारखा दिसू लागतो.

खळ लावण्यापूर्वी ओलसर कातडे एकदा नुसतेच चढवून पाहावे. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर, कानांमागे मानेचा घेर आणि मानेच्या बुडाचा घेर ही तीन मापे कातड्याची आणि ढाच्याची जुळली पाहिजेत. नवशिका सर्वाधिक फसतो तो इथेच, कारण ओले कातडे हवे तेवढे ताणले जाते आणि लहान कातडेही मोठ्या ढाच्यावर बसल्याचा भास होतो. परंतु वाळू लागताच ते आपल्या मूळ मापाकडे परतते, टाके उसवतात आणि डोळ्यांच्या कडा ओढल्या जातात. कातडे अपुरे पडत असेल तर ते न ताणता ढाचाच जाड दातांच्या कानशीने घासून कमी करावा. माप बरोबर असले तरी संपूर्ण पृष्ठभाग थोडा खरबरीत करावा, कारण गुळगुळीत फोमवर खळ धरत नाही.

शिंगे कवटीच्या वरच्या तुकड्यासह ढाच्यावर स्क्रूने घट्ट बसवावीत आणि भोवतीच्या फटी एमसीलने भराव्यात. काचेचे डोळे शिल्पकारांच्या मातीत बसवावेत. बोकडाच्या डोळ्यातील बाहुली आडवी असते आणि डोके खाली झुकवले तरी डोळा फिरवून तो ती जमिनीला समांतर ठेवतो. म्हणून मस्तक कोणत्याही कोनात असले तरी बाहुली जमिनीला समांतरच बसवावी. हरणाच्या डोळ्यापुढे असते तशी ग्रंथीची खाच बोकडाला नसते, तेव्हा हरणाचा तयार ढाचा वापरल्यास ती खाच आधी बुजवावी. कानातील कूर्चा काढून त्याच आकाराचा पातळ प्लास्टिकचा पत्रा आत सरकवावा. उस्मानाबादी बोकडाचे कान बहुधा लोंबते असतात, हे आकार देताना लक्षात ठेवावे.

आता ढाच्यावर डेक्स्ट्रिनच्या (स्टार्चपासून बनवलेल्या डिंकाच्या) खळीचा पातळ, एकसारखा थर द्यावा आणि कातडे चढवावे. प्रथम डोळे, नाक आणि शिंगांची मुळे जागेवर आणून टाचण्यांनी रोखावीत, मग तळव्याने मध्यापासून कडेकडे दाबत हवा बाहेर काढावी. शिवण शिंगांच्या मुळांपासून सुरू करून मानेच्या मागून खाली न्यावी. मेण लावलेला दोरा आणि तीन धारांची सुई घेऊन प्रत्येक टाका आतून बाहेर काढावा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, म्हणजे केस दोऱ्यात अडकत नाहीत. शेवटी ओठांच्या कडा ढाच्यात कापून ठेवलेल्या खाचेत आणि पापण्या मातीवर बोथट हत्याराने खोचाव्यात. दाढी आणि मानेचे केस मूळ वळणाप्रमाणे विंचरून सांडलेली खळ ओल्या स्पंजने लगेच पुसावी. काळ्या केसांवर ती वाळली की पांढुरकी दिसते.

पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तपासणी करावी आणि कातडे जेथे सुटले असेल तेथे पुन्हा दाबून टाचणी लावावी. कानांना पुठ्ठ्याचा आधार द्यावा. वाळवण सावलीत, हवेशीर जागी करावी. उन्हात पातळ भाग आधी आक्रसतात आणि जाड भाग ओलेच राहतात. यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात काढूच नये. काढावेच लागले तर बंद खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र लावावे, नाहीतर कातड्यावर बुरशी चढते.

पूर्ण वाळल्यावर डोळ्यांभोवती पडलेल्या बारीक फटी एमसीलने भराव्यात. वाळलेल्या कातडीचा नैसर्गिक रंग उडतो, म्हणून पापण्यांच्या कडा, ओठ आणि नाकपुड्यांना पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. चमकदार वॉर्निश केवळ डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि नाकपुडीच्या आत लावावे, कारण बोकडाचे नाक गाईसारखे ओले चकचकीत नसते.