चेरोकी नव्या कराराचं एक पान कसं वाचावं

चेरोकी ही अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीची भाषा, तिची लिपी वेगळी आहे. त्या लिपीत छापलेला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, वाचायचा असेल तर पहिल्या दिवशी पान वाचायचं नाही, नुसतं बघायचं. अमेरिकन बायबल सोसायटीने 1860 साली न्यूयॉर्कला छापलेला चेरोकी नवा करार इंटरनेटवर स्कॅन केलेला मिळतो. त्यातलं मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान कागदावर मोठं छापून घ्या आणि खिडकीजवळ बसा. आधी वाटेल की ही रोमन लिपीच आहे. डी दिसेल, आर दिसेल, टी, डब्ल्यू, मधेच एक 4. पण रोमन समजून वाचाल तर एक शब्द लागणार नाही. डीचा उच्चार ‘आ’ आहे. आर म्हणजे ‘ए’, टी म्हणजे ‘इ’, डब्ल्यू म्हणजे ‘ला’, एच म्हणजे ‘मि’, झेड म्हणजे ‘नो’ आणि 4 म्हणजे ‘से’.

मी पुण्यात 22 वर्षं छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ लावायची, उलटं वाचायचं आणि प्रूफ निघालं की सुलटं तपासायचं, हे माझं काम. मुलगा ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात असतो, त्याच्याकडे मुक्कामाला गेलो की सव्वा तासावरच्या टाहलक्वा गावी जाणं होतं. ती चेरोकी राष्ट्राची, म्हणजे त्या जमातीच्या स्वतःच्या सरकारची, राजधानी. तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर दोन लिप्या असतात. ‘थांबा’च्या लाल पाटीवर इंग्रजीखाली ‘आलेविस्दिहा’ असं लिहिलेलं पाहिलं आणि मला त्या अक्षरांचा नाद लागला. पुढे जे सांगतोय ते मी जसं शिकलो तसं, म्हणजे जुळाऱ्याच्या पद्धतीने.

ही लिपी सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने केली. त्याला कोणतीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. कागदावरच्या खुणांतून गोरे लोक एकमेकांशी बोलतात एवढं त्याने पाहिलं होतं. आपल्या बोलीतले आवाज निवडून त्याने प्रत्येकाला खूण दिली, आणि 1821 साली काम पुरं केलं. त्याची लहान मुलगी आयोका ही त्याची पहिली विद्यार्थिनी. 1825 मध्ये चेरोकी राष्ट्राने लिपी स्वीकारली. त्याची हातची अक्षरं वळणदार आणि अवघड होती. बॉस्टनला खिळे ओतून घेतले तेव्हा त्यांना आजचं सुटसुटीत छापील रूप आलं.

आता शिकायला लागा. आपल्याला इथे एक मोठी सवलत आहे. इंग्रजी माणसाला ‘एका खुणेत व्यंजन आणि स्वर दोन्ही’ ही गोष्ट आधी पटवून घ्यावी लागते, आपण ती बाराखडीतून पाटीवर गिरवलेली असते. स्वर सहा: आ, ए, इ, ओ, उ आणि सहावा नाकातला ‘अं’. आपण ‘हं’ म्हणतो त्यातला अं, तोच. मात्र बाराखडीची एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे ‘ग’ ओळखला की गा, गे, गो आपोआप येतात. इथे गा, गे, गि, गो, गु, गं ही सहा वेगळी चित्रं आहेत, एकमेकांशी नातं नसलेली. छापील अक्षरं एकूण 85. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं धरून शेकडो खण असायचे. ते ज्याने हाताळलेत त्याला 85 म्हणजे एक आटोपशीर केस. जोडाक्षर जवळजवळ नाहीच. ‘स’ला तेवढी स्वतंत्र खूण आहे, ती दुसऱ्या अक्षराच्या आधी येते.

तक्ता पाठ करू नका, मी तीन आठवडे त्यात घालवले आणि काही हाती लागलं नाही. त्याऐवजी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या टोळ्या करा. छापखान्यात नव्या पोराला आम्ही आधी घ आणि ध, भ आणि म यांतले फरक दाखवायचो, तसंच. रोमन जीसारखी दिसणारी पाच अक्षरं आहेत: वा, लो, नाह, यु, त्सा. ती एका ओळीत लिहून शेपटी कुठे वळते, आडवी रेघ कुठे आहे ते बोटाने दाखवा. डब्ल्यूसारखी दोन: ला आणि ता. मोठा एच ‘मि’ आणि लहान एच ‘नि’. या टोळ्या फुटल्या की निम्मं काम झालं.

उच्चारांतही मराठी कान उपयोगी पडतो. त्यांचा ग आपल्या क आणि ग यांच्या मधला, द हा त आणि द यांच्या मधला. रोमनमध्ये के आणि टी लिहितात ते आपल्या ख आणि थकडे झुकतात. लिपीत हा फरक सगळीकडे दाखवलेला नाही, काही ठिकाणी एकाच अक्षरावर दोन्ही भागवतात. प आणि ब नाहीतच, मसुद्धा थोड्या शब्दांत. नॉर्थ कॅरोलिनातल्या बोलीत ‘त्स’ हा चमच्यातल्या च सारखा दातांजवळून येतो, ओक्लाहोमात तो जेवणातल्या ज कडे जातो. अवघड जातो तो ‘त्ल’. जीभ लच्या जागी ठेवून हवा कडेने सोडायची. आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ, सूर चढा की उतरता, हे लिपी अजिबात सांगत नाही. ते माणसाच्या तोंडूनच ऐकावं लागतं. ही माणसं आता थोडी आहेत. चेरोकींच्या तीन मान्यताप्राप्त जमातींनी 2019 साली भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा घरातून भाषा शिकलेले बोलणारे सुमारे 2,100 मोजले गेले होते, बहुतेक वयस्क. म्हणून चेरोकी राष्ट्राचे ऑनलाइन वर्ग आणि चेरोकी नॅशनल यूथ क्वायर या मुलांच्या गायकवृंदाची गाणी आधी ऐका आणि मग पान उघडा. डर्बिन फीलिंग यांचा 1975 चा चेरोकी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा, त्यात सुरांच्या खुणा दिलेल्या आहेत.

पहिला धडा बायबलचा नको, भजनाचा घ्या. ‘अमेझिंग ग्रेस’च्या चालीवर चेरोकी लोक गातात ते भजन इंग्रजी गाण्याचं भाषांतर नाही, शब्द निराळे आहेत. पहिली ओळ अशी: उनेलानंहि उवेत्सि इगागुयंहेइ. शेवटच्या शब्दात सहा अक्षरं आहेत आणि त्यातली चार तुम्हाला रोमनसारखी दिसतील: टी, जे, बी आणि पुन्हा टी. म्हणजे इ, गु, यं, इ. उरली गा आणि हे. एवढं जुळवलं की ओळ वाचून झाली.

आता अर्थ. उनेलानंहि म्हणजे निर्माता, देव. उवेत्सि म्हणजे त्याचं मूल. आणि इगागुयंहेइ या एका शब्दात ‘आपल्यासाठी त्याने फेडलं’ हे सगळं आहे. इथे थांबा, कारण मी हे सगळं ज्यासाठी लिहितोय ते इथे आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘इगा’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ म्हणायचं असतं तर सुरुवात ‘ओ’ने झाली असती. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मराठीत मात्र आम्ही आणि आपण हा भेद तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. म्हणून चेरोकी धर्मग्रंथ वाचताना शेजारी इंग्रजी बायबल ठेवू नका, मराठी ठेवा. पुष्कळ गोष्टी सरळ लागतात.

बघा कशा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली प्रार्थना ‘ओगिदोदा गालंलादि हेहि’ अशी सुरू होते. ओगिदोदा, आमच्या बापा. देवाशीच बोलणं चाललंय, तर देव त्या ‘आम्ही’त येत नाही, म्हणून ओ. मराठीतही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आहे, ‘आपल्या’ नाही. आणि त्याच नव्या कराराच्या मुखपृष्ठावर, ‘इत्से खानोहेदं’ (नवा करार) या शब्दांनंतर थोड्या अंतरावर, ‘उगंवियुहि इगात्सेलि’ असं आहे. म्हणजे आपला प्रभू, वाचणाऱ्याचाही. उगंवियुहि हा जमातीच्या प्रमुखासाठीचाच शब्द. मला हे समजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून मुलाला हाक मारली होती.

दुसरी खूण शब्दाच्या शेवटी सापडते. ‘एइ’ असा शेवट असेल तर सांगणाऱ्याने ती घटना स्वतः पाहिलेली नाही. आपलं ‘म्हणे’ त्याच्या जवळचं आहे, फक्त म्हणेमध्ये कधी कधी शंका डोकावते तशी त्यात नाही. भजनातला ‘हेइ’ तोच. कुठलंही क्रियापद भेटलं की आधी त्याचं पहिलं अक्षर आणि मग शेवटचं टोक बघायचं, मधला गाभा कोशात शोधायचा. कोण, कोणासाठी, पाहिलेलं की ऐकलेलं, हे टोकांवरच कळतं.

नामांसाठी एक वही करा. भाषांतर करणाऱ्यांना जे शब्द घडवावे लागले ते वाचताना त्यांचा विचार दिसतो. चेरोकीत मेंढी म्हणजे ‘आवि उनोदेना’, लोकरीचं हरीण. बकरा म्हणजे दाढीवालं हरीण. येशू ‘त्सिसा’, योहान ‘त्सानि’, मत्तय ‘मादु’. शुभवर्तमान ‘ओस्दं खानोहेदं’, चांगली सांगितलेली गोष्ट, आपल्या शब्दाच्या अगदी शेजारचं. प्रार्थनेत मराठीने ‘रोजची भाकर’ केली, चेरोकीने भाकरी न म्हणता ‘ओगालिस्दायंदि’ म्हटलं, आमचं जेवण.

हे भाषांतर कोणी केलं ते माहीत असू द्या, कारण पानामागे माणसं आहेत. मिशनरी सॅम्युएल वूस्टर आणि चेरोकी संपादक एलायस बूडिनो यांनी जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून 21 फेब्रुवारी 1828 ला चेरोकी फिनिक्स हे वर्तमानपत्र सुरू झालं तिथेच हे काम मांडलं. मत्तय 1829 मध्ये निघाला, भजनांचं पुस्तकही त्याच वर्षी. वूस्टरला पाठवणारी बॉस्टनची संस्था तीच, जिची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि जिने अमेरिकन मराठी मिशन चालवलं. चेरोकी वस्तीतला वूस्टर 1831 मध्ये जॉर्जियाच्या तुरुंगात गेला, कारण राज्याचा परवाना घ्यायला त्याने नकार दिला. 1835 मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना जप्त केला. 1838-39 मध्ये चेरोकींना हुसकावून ओक्लाहोमाकडे चालवत नेलं, त्यात हजारो माणसं मेली. बूडिनोने स्थलांतराच्या करारावर सही केली होती, त्यासाठी 22 जून 1839 ला त्याच्याच लोकांनी पार्क हिलला त्याला मारलं. त्यानंतर वूस्टरच्या जोडीला स्टीफन फोरमन हा चेरोकी भाषांतरकार होता. वूस्टर 1859 मध्ये गेला, पूर्ण नवा करार पुढच्या वर्षी आला. 1954 साली न्यू एकोटाच्या जागी उत्खनन झालं तेव्हा मातीतून चेरोकी खिळे निघाले. खिळा हातात धरल्यावर बोटांना कसा लागतो हे मला माहीत आहे, त्यामुळे ते वाचताना मला पुढचं पान लवकर उलटेना.

टाहलक्वात गेलात तर 1844 ची जुनी न्यायालयाची इमारत बघा, चेरोकी अ‍ॅडव्होकेट हे वर्तमानपत्र तिथे छापलं जाई. जवळच पार्क हिलला वूस्टरची कबर आहे. रविवारी एखाद्या चेरोकी चर्चमध्ये बसायला मिळालं तर मागच्या बाकावर बसा, विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण करू नका. मला एका आजींनी ‘उनेलानंहि’ दोनदा म्हणायला लावलं आणि स्वतः ‘उनेत्लानंइ’ म्हणून दाखवलं. छापील आणि बोली यांत असा फरक असतो, तेव्हा बोलणाऱ्याचं खरं मानायचं.

एक मर्यादा पाळा. याच लिपीत चेरोकी वैद्यांनी आपले मंत्र वह्यांमध्ये लिहून ठेवले होते. जेम्स मूनी या अभ्यासकाने अशा वह्या गोळा केल्या आणि 1891 मध्ये त्यातले काही मंत्र छापले. ते वाचता येतात म्हणून मोठ्याने म्हणून बघायचे नाहीत. बायबल त्यांनी छापून वाटलं, मंत्र तसे वाटायला लिहिलेले नव्हते.

फोनवर वेगळा फाँट शोधावा लागत नाही. चेरोकी अक्षरं 1999 पासून युनिकोडमध्ये आहेत, सेटिंगमधून कीबोर्ड चालू करा. पण पहिले दोन महिने हातानेच लिहा.

आणि हे सगळं जमलं की योहानाचा तिसरा अध्याय घ्या. चेरोकी लिपीत उतरलेला बायबलचा अगदी सुरुवातीचा भाग तोच. खिळे ओतले जाण्याच्या आधी, 1824 च्या सुमारास, आत्सि नावाच्या चेरोकी तरुणाने तो भाषांतरित केला आणि लोकांनी हाताने नकलून एकमेकांना दिला. तुम्हीही तसंच करा. चांगला कागद घ्या, सोळाव्या वचनापासून सुरू करा: नास्गियेनो निगाअंगि उनेलानंहि उगेयुसंगि एलोहि. उनेलानंहि तुम्हाला आता येतो. उगेयुसंगि, त्याने प्रेम केलं. एलोहि, जग. पहिल्या दोन शब्दांसाठी कोश उघडा.