पुठ्ठ्याचे स्टूल: पन्हळ उभी हवी

आमच्या घरी पुठ्ठ्याचे पहिले स्टूल तयार झाले ते फ्रीजच्या खोक्यातील सेव्हन प्लाय, म्हणजे सात पदरी पुठ्ठ्याचे होते, त्याला अर्धा किलो फेव्हिकॉल लागले होते, आणि तरीही पंधरा दिवसांत ते एका बाजूने बसले. दुसरे स्टूल त्याहून पातळ, फाइव्ह प्लाय पुठ्ठ्याचे. पण सत्यनारायणाच्या दिवशी घरातले सर्वांत वजनदार काका त्याच्यावर पंगत उठेपर्यंत बसून होते. फरक पुठ्ठ्याच्या जाडीचा नव्हता आणि फेव्हिकॉलचाही नव्हता. पहिल्या वेळी पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून मी तुकडे आडवे कापले होते आणि त्यामुळे आतल्या पन्हळी जमिनीला समांतर राहिल्या होत्या.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये चिकटवलेला नागमोडी कागद; त्या नागमोडीने तयार होणाऱ्या नळ्या म्हणजे पन्हळी. ही युक्ती मुळात खोक्यांसाठी निघालीच नव्हती. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी, आणि मालाच्या वेष्टनासाठी पन्हळी कागद वापरण्याचे पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत निघाले. हा पुठ्ठा पन्हळी उभ्या ठेवून धरला की बारीक खांबांची रांग उभी राहते; आडवा धरला की त्याच नळ्या वरच्या वजनाने चपट्या होतात आणि एकदा चपटी झालेली नळी पुन्हा पूर्ववत होत नाही. चांगल्या थ्री प्लाय पुठ्ठ्याची उभी कड दर सेंटीमीटरला साधारण ५ किलो वजन पेलते, परंतु हे माप बोटभर उंचीच्या तुकड्यावर घेतलेले असते. हातभर उंच तुकडा चिरडण्याच्या कितीतरी आधी मधोमध वाकतो. म्हणून पुठ्ठ्याच्या फर्निचरचे सगळे कौशल्य दोन गोष्टींत आहे: पन्हळ वजनाच्या दिशेने उभी ठेवणे आणि तिला वाकू न देणे. दुसऱ्या कामासाठी खाचेत खाच अडकवून केलेली जाळी सर्वांत सोयीची पडते.

सामानाची इंदूरला ददात नाही. सियागंजच्या घाऊक बाजारात साबण, चहा, बिस्किटे यांची खोकी रोज रिकामी होतात, आणि फ्रीज-वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानदाराला आधी सांगून ठेवले तर मोठे खोके तो आनंदाने देतो, कारण त्याला ते ठेवायला जागा नसते. आपल्या गल्लीत सुका कचरा वेगळा नेणारी गाडी सकाळीच येते, त्यामुळे शेजाऱ्यांची खोकी हवी असतील तर आदल्या रात्रीच मागून घ्यावीत. शेव-नमकीनची खोकी मात्र, इंदूरकर असूनही, मोह टाळून नाकारावीत. तेल प्यायलेल्या कागदाला कोणताही गोंद धरत नाही आणि पुढे मुंग्या येतात त्या वेगळ्याच. खोके निवडताना कडेजवळ अंगठ्याने दाबून पाहावे. चांगला पुठ्ठा अंगठ्याला विरोध करतो, ओल लागून गेलेला पुठ्ठा मऊ पडलेला असतो आणि त्याला कुबट वास येतो. ज्याचा वरचा कागद राखाडी आहे आणि नखाने सहज फाटतो, तो पुठ्ठा अनेकदा लगदा होऊन आलेल्या आखूड तंतूंचा असण्याची शक्यता अधिक. तो फार तर बाहेरच्या आवरणासाठी ठेवावा.

आता प्रत्यक्ष स्टूल. उंची सुमारे ४० सेंटीमीटर, बैठक ३८ सेंटीमीटर चौरस. यासाठी फाइव्ह प्लाय पुठ्ठ्याचे ३६ सेंटीमीटर रुंद आणि ३८ सेंटीमीटर उंच असे दहा तुकडे लागतात, आणि प्रत्येक तुकड्यात पन्हळ ३८ सेंटीमीटरच्या बाजूने, म्हणजे उभी असली पाहिजे. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने गफलत सहज होते. म्हणून कापण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्यावर पन्हळीच्या दिशेने पेन्सिलीने बाण काढावा. एका मोठ्या फ्रीजच्या खोक्यात हे सगळे बसते. घडीच्या रेषेवरून तुकडा काढू नये, तिथली पन्हळ आधीच मोडलेली असते.

कापण्यासाठी १८ मिलिमीटर पात्याचा कटर, स्टीलची पट्टी आणि काटकोन आखण्यासाठी सुताराचा गुण्या हवा. एका झटक्यात आरपार कापायला जाऊ नये. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आतील पदर आणि शेवटी खालचा कागद, असे कापल्यास कड सरळ राहते. बोथट पाते पन्हळीला कापण्याऐवजी चेपते, आणि चेपलेली कड म्हणजे पाया खचलेला खांब. चार-पाच लांब काप झाले की पात्याचे टोक मोडून नवे पुढे घ्यावे. पाते स्वस्त असते. पट्टी धरणारी बोटे कापाच्या रेषेपासून दूर ठेवावीत, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण माझ्या डाव्या तर्जनीवर अजून खूण आहे.

प्रत्येक तुकड्यावर डावीकडून २, १०, १८, २६ आणि ३४ सेंटीमीटरवर खाचांच्या मध्यरेषा आखाव्यात. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकी आणि लांबी अर्ध्या उंचीहून किंचित जास्त, म्हणजे १९.२ सेंटीमीटर ठेवावी. ते दोन मिलिमीटर महत्त्वाचे आहेत: खाच तोकडी पडली तर एका दिशेचे तुकडे वर उचललेले राहतात आणि बसणाऱ्याचे सगळे वजन दहाऐवजी पाचच तुकड्यांवर येते. पाच तुकड्यांच्या खाचा वरून, उरलेल्या पाचांच्या खालून कापाव्यात. फाइव्ह प्लाय पुठ्ठा साधारण ६ ते ७ मिलिमीटर जाड असतो, पण स्वतःचा पुठ्ठा मोजूनच रुंदी ठरवावी आणि आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर खाच करून पाहावी. खाच सैल झाली तर स्टूल डुलते. फार घट्ट झाली तर तुकडा आत ढकलताना पुठ्ठा चेपतो. हाताने हलके दाबल्यावर सरकत जाईल, पण उलटे धरल्यास गळून पडणार नाही, इतकी ती असावी.

दहाही तुकडे एकमेकांत बसवल्यावर जाळी सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर गोंद लावण्यापूर्वीच हाताने दाबून काटकोनात आणावी. मग प्रत्येक छेदाच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत फेव्हिकॉलची बारीक धार सोडावी आणि रात्रभर हलवू नये. या जाळीत उभ्या कडेची एकूण लांबी ३६० सेंटीमीटर भरते. दर सेंटीमीटरला ५ किलो धरले तर कागदावर १८०० किलो होतात. हा आकडा खरा मानू नये, कारण आपले काप कारखान्यातले नसतात आणि माणूस स्टुलावर अलगद ठेवला जात नाही, तो बसतो; पण त्याचा दहावा हिस्सा हाती लागला तरी १८० किलो उरतात.

बैठकीसाठी ३८ सेंटीमीटर चौरस असे तीन थर एकमेकांवर चिकटवावेत आणि मधल्या थराची पन्हळ वरच्या-खालच्या थरांना आडवी ठेवावी. प्लायवूडमध्ये हेच करतात. अमेरिकेतील वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी १९६९ ते १९७३ या काळात पुठ्ठ्याच्या खुर्च्या केल्या, त्यांतही पुठ्ठ्याच्या थरांची दिशा आलटून-पालटून ठेवलेली आहे. बैठकीचे थर सम संख्येत ठेवू नयेत आणि गोंद एकाच बाजूला जाड लावू नये, नाहीतर सुकताना बैठक पापडासारखी वळते. गोंद थोडा ओतून पुठ्ठ्याच्याच तुकड्याने पातळ पसरावा, कारण गोंदातले पाणी पुठ्ठ्याला नको असते. थर जोडल्यावर वर पाट आणि त्यावर पाण्याने भरलेले डबे ठेवून पूर्ण दिवस जाऊ द्यावा. पावसाळ्यात दोन दिवस. बुडासाठी ३६ सेंटीमीटर चौरस असे दोन थर पुरेत.

बाहेरच्या आवरणाला थ्री प्लाय चालतो. ३८ सेंटीमीटर उंचीची पट्टी पन्हळ उभी ठेवून जाळीभोवती गुंडाळावी. कोपऱ्याच्या रेषेवर चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट वस्तूने घासून खळगा पाडला की घडी स्वच्छ येते. हे आवरण केवळ शोभेचे नाही; जाळीच्या बाहेर आलेल्या दोन-दोन सेंटीमीटरच्या कानांना ते धरून ठेवते.

यापुढचा भाग बहुतेक लोक आळसाने टाळतात, आणि आमचे दुसरे स्टूलही शेवटी त्यानेच गेले. काकांचे वजन त्याने पेलले. रोजचा पोछा त्याला पेलला नाही. कागदाचे तंतू हवेतली ओलसुद्धा ओढून घेतात आणि ओले तंतू सैल पडतात. मग बुडाला रोज ओले फडके लागत असेल तर दोन महिन्यांत खालची दोन बोटे पन्हळ लोण्यासारखी होते. म्हणून बुडाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचे पाच सेंटीमीटर चौरस तुकडे मोची वापरतात त्या रबर सोल्युशनने चिकटवावेत. कोपऱ्यांतले तुकडे जाळीच्या छेदाखालीच येतात, त्यामुळे वजन थेट खाली उतरते, आणि पुठ्ठा जमिनीपासून उंच राहतो.

सर्व उघड्या कडांवर आधी कागदाच्या पट्ट्या आणि मग पूर्ण स्टुलावर मांजरपाटाचे कापड खळ लावून चढवावे. बुकबाइंडर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. खळीसाठी एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवावा. कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी असते आणि ॲल्युमिनियमच्या व लोखंडाच्या भांड्याला खाते. म्हणून खळ गार झाल्यावर प्लास्टिकच्या डब्यात काढून तिथेच मोरचूद मिसळावी, डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. ब्राउन टेपवर भिस्त ठेवू नये. इंदूरच्या मे महिन्यात त्याचा गोंद पातळ होऊन टेप कडेने सुटू लागतो.

कापड खडखडीत वाळले की रंगाआधी चपडा लाखेचे दोन हात द्यावेत. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्यावा. यात पाणी नसल्यामुळे पुठ्ठा फुगत नाही. हे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीजवळ, विस्तवापासून दूर करावे, कारण स्पिरिट भडकन पेटते. नुसत्या चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते, म्हणून शेवटी तेलाच्या व्हार्निशचा एक हात हवाच.

तयार स्टुलावर पहिल्यांदा माणसाने बसू नये. वीस लिटरचा पाण्याचा जार दिवसभर ठेवावा, नंतर दोन, आणि कान देऊन ऐकावे: कुरकुर ऐकू आली तर कुठेतरी खाच नीट बसलेली नाही. बल्ब बदलण्यासाठी त्याच्यावर उभे राहू नये, गॅसच्या शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ते नेऊ नये, आणि उठता-बसता आधार घेणाऱ्या वृद्ध माणसाला ते देऊ नये. इतके हलके आसन हाताच्या रेट्याने सरकते.

हीच जाळी आडवी करून पुस्तकांचे कपाट करता येईल असे वाटते, पण तिथे हिशेब बदलतो. फळीचे काम वजनाखाली न वाकण्याचे असते, म्हणून फळीत पन्हळ लांबीच्या दिशेने हवी, दोन आधारांमधील अंतर ३० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि फळी सपाट तुकड्याऐवजी चार सेंटीमीटर उंचीच्या पोकळ पेटीसारखी असावी. पाय हवे असतील तर क्लॉथ मार्केटमधून कापडाच्या ताग्यांच्या जाड कागदी नळ्या आणाव्यात. जपानी वास्तुविशारद शिगेरु बान यांनी भूकंपानंतर २००१ मध्ये भुजमध्ये कागदी नळ्यांच्या भिंतींचे घर उभारले होते, तेव्हा छोट्या टेबलाच्या चार पायांची चिंता नको.

गणपतीच्या मखरासाठी मात्र बळापेक्षा वळण महत्त्वाचे. कमान करायची असेल तर थ्री प्लाय पुठ्ठा पन्हळीला समांतर दर सेंटीमीटरला खळगा पाडून टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढावा. पन्हळीला आडवा वाकवला तर तो वळत नाही, तुटतो. भाद्रपदात हवा दमट असते आणि खळ सुकता सुकत नाही, त्यामुळे कापणे, चिकटवणे आणि चपड्याचे हात मृगाआधी उरकून मखर सुटे तुकडे करून माळ्यावर आडवे ठेवावे, आणि सणाला फक्त खाचा जुळवाव्यात. समई मखरापासून हातभर पुढेच ठेवावी.