क्लिनिकल रिसर्च नर्स होताना : नव्याने येणाऱ्यांसाठी

वॉर्डातून क्लिनिकल रिसर्चकडे, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांकडे, वळू पाहणाऱ्या परिचारिका मला बहुधा दोन गोष्टी विचारतात : रात्रपाळी असते का, आणि कागदपत्रांचे काम किती असते. रात्रपाळी बहुतेक ठिकाणी कमी असते आणि कागदपत्रे पुष्कळ असतात. कामाची खरी अवघड बाजू निराळी आहे. रुग्ण बरे व्हायला आलेला असतो आणि चाचणीला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. हे दोन्ही हेतू अनेकदा बरोबरीने चालतात, पण जिथे त्यांची फारकत होते, तिथे रुग्णाच्या सर्वांत जवळ आपणच उभ्या असतो.

याची पहिली कसोटी संमतीच्या वेळी लागते. चाचणीची माहिती देऊन शंकांची उत्तरे देणे ही प्रमुख संशोधकाची किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची जबाबदारी असते, परंतु डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर रुग्ण हळूच आपल्याला विचारतो, “सिस्टर, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?” या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी त्याला काय समजले आहे ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. ‘नवे औषध’ म्हणजे ‘अधिक चांगले औषध’ असा समज त्यातून लगेच लक्षात येतो. कोणाला कोणता उपचार मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे, ठरते, डबल ब्लाइंड चाचणीत ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते आणि चाचणीतून केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते, हे पुन्हा सांगावे. रुग्णाला वाचता येत नसेल, तर संपूर्ण चर्चेला निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. सहीपुरते कोणाला बोलावणे चालत नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही : केवळ चाचणीच्या रक्ततपासणीसाठी रुग्णाला उपाशी राहायला सांगणे हाही चाचणीचाच भाग आहे, त्यामुळे तेही संमतीनंतरच सांगता येते.

वॉर्डात दहा मिनिटांचा उशीर सहसा कोणी मनावर घेत नाही. इथे मात्र औषधाचे रक्तातील प्रमाण मोजायचे असेल, तर नमुन्याची वेळ नमुन्याइतकीच महत्त्वाची ठरते. शिरेतून द्यायचे इन्फ्युजन दहाऐवजी दहा वाजून बारा मिनिटांनी सुरू झाले, तर पुढचे तास त्या क्षणापासून मोजायचे. औषध ज्या हातातून जात आहे त्या हातातून नमुना घ्यायचा नाही, आणि उशीर झालाच तर प्रत्यक्ष वेळ लिहायची. ठरलेली वेळ लिहून मोकळे होण्याचा मोह फार स्वाभाविक आहे, पण त्या एका आकड्यावरून पुढे औषधाची मात्रा ठरू शकते. चुकीची नोंद एका रेषेने खोडावी, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी योग्य नोंद, तारीख, आद्याक्षरे व गरज असेल तिथे कारण लिहावे. व्हाइटनर वापरू नये. चाचणीवर देखरेख ठेवणारी व्यक्ती, म्हणजे मॉनिटर, येऊन मूळ नोंदी तपासतो तेव्हा दडपण येते खरे, पण त्या तपासणीमागे रुग्णाचेच संरक्षण असते.

गंभीर प्रतिकूल घटनांच्या बाबतीत तर वॉर्डातील सवयीच बदलाव्या लागतात. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती होणे किंवा मुक्काम लांबणे, कायमचे अपंगत्व, बाळातील जन्मजात दोष यांपैकी काहीही घडले, तर औषधाशी त्याचा संबंध दिसो वा न दिसो, ते कळवावेच लागते. अनेक प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यांमध्ये) त्यासाठी माहिती मिळाल्यापासून २४ तासांची मुदत असते. संबंध आहे की नाही हा निर्णय संशोधक डॉक्टरांचा. रस्त्यावरच्या अपघातात पाय मोडून दुसरीकडे भरती झालेला रुग्ण पुढच्या भेटीत ते आपण होऊन सांगेलच असे नाही, कारण ‘त्याचा या औषधाशी काय संबंध’ असे त्याला वाटते. म्हणून “काही त्रास झाला का?” एवढ्यावर न थांबता, मागच्या भेटीपासून कुठे दाखवले, काय घेतले, कुठे राहावे लागले, हे निवांत विचारावे. वॉर्डात कमावलेली विचारपूस इथे सर्वाधिक उपयोगी पडते, आणि म्हणूनच शिक्षण संपताच थेट या क्षेत्रात येण्यापेक्षा आधी काही वर्षे रुग्णसेवा करावी, असे मी सुचवते.

१९९६ मध्ये आलेली आणि २०२५ मध्ये नव्याने सुधारलेली आयसीएच-जीसीपी, म्हणजे चाचण्या योग्य रीतीने करण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, रुजू होण्यापूर्वीच वाचावीत. त्यांचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. मुलाखतीत आपणही विचारावे : एका नर्सकडे एका वेळी किती चाचण्या असतात, ती रजेवर असताना तिचे रुग्ण कोण पाहते, आणि डेलिगेशन लॉगवर (चाचणीतले कोणते काम कोणाकडे सोपवले आहे त्या यादीवर) नाव चढण्याआधी त्या प्रोटोकॉलचे प्रशिक्षण कोण देते. ही उत्तरे मोघम मिळाली, तर पगार कितीही चांगला असला तरी ती जागा घेण्याची घाई करू नये.