कारची जुनी चाकं ट्रेलरला लावताय? या चुका टाळा

ट्रेलरचे टायर संपलेत, जुन्या कारची चाकं घरात पडून आहेत आणि बोल्टची भोकंही जुळतायत. मग लावून टाकायला काय हरकत? हरकत नसते, बऱ्याचदा ती व्यवस्थित चालतातही. पण भोकं जुळली की तपासणी संपली असं समजणारे फार, आणि गडबड होते ती तिथूनच.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची चूक. टायरच्या बाजूला 195/65 आर15 91एच असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला 91 हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 615 किलो. समजा, भरलेल्या ट्रेलरच्या एकाच एक्सलवर 1,200 किलो येतात. एका चाकावर 600. भागलं की! नाही भागत. कारचा टायर ट्रेलरवर वापरायचा तर त्याची क्षमता 1.10 ने भागून धरायची, असं अमेरिकेचा सुरक्षा नियम सांगतो. तिथे तो नियम आहे. बाकी ठिकाणी शहाणपण म्हणून पाळावा. 615 चे मग 559 उरतात, दोन चाकांचे 1,118. 95 इंडेक्सच्या टायरला 690 किलोंचे 627 मिळतात, तेही काठावरच, कारण सामान दोन्ही बाजूंना सारखं कधीच बसत नाही. भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्याच. अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते. बऱ्याच अलॉय रिमवर ती मागच्या बाजूला कोरलेली सापडते.

टायरच्या क्षमतेचा हा आकडा पूर्ण हवेचा आहे, हेही विसरलं जातं. कारच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा त्या कारसाठी असते, ट्रेलरशी तिचा संबंध नाही. साध्या कार टायरला पूर्ण भार पेलायला साधारण 36 पीएसआय लागतात, एक्सएल (जादा भाराचा टायर) लिहिलेल्याला 42. हवा टायर थंड असतानाच मोजायची.

दुसरी मोठी भानगड ऑफसेटची, म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाजूला आहे त्याची. रिमच्या मागे ईटी 45 असं काही दिसेल, तोच ऑफसेटचा आकडा. ट्रेलरची मूळ रिम शून्य ऑफसेटची असेल, तर नवं चाक 45 मिमी आत सरकतं. दोन्ही बाजू धरल्या तर चाकांमधलं अंतर 90 मिमीने घटतं आणि ट्रेलर वळणावर जास्त कलतो. टायर स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा चासीला घासू शकतो. नाही घासला तरी बेअरिंगवरचा भार जागचा हलतो. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून बघा. मग सामान भरून पुन्हा बघा, कारण रिकाम्या ट्रेलरला मडगार्डखाली दिसणारी फट भरल्यावर गायब झालेली असते.

भोकांचंही नीट मोजा. 112 आणि 114.3 मिमी पीसीडी (बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) नजरेला सारख्याच वाटतात. नट दामटून चढतोही, पण रिम तिरकी बसते आणि नट पुढे ढिले होतात. नटाचं तोंड शंकूचं आहे की गोल, ते रिमच्या खाचेशी जुळलंच पाहिजे. रिमचं मधलं भोक लहान असेल तर ती हबवर चढणारच नाही. ते घासून मोठं करण्याच्या फंदात पडू नका.

नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असंही नाही. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभ्या उभ्या वाळून जास्त जातात. बाजूवरच्या चार आकडी कोडात 2319 असेल, तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला. साइडवॉलला बारीक भेगा दिसल्या की विषय संपला.

लावल्यावर त्रास दिसला तर? दोन्ही कडा झिजत असतील तर हवा कमी किंवा वजन जास्त. एकच कड झिजत असेल तर वाकलेल्या एक्सलचा संशय घ्या. थांबल्यावर एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक बघा. ट्रेलर मागे डुलायला लागला की लोक लगेच टायरला दोष देतात. कारच्या टायरची साइडवॉल मऊ असते, त्यामुळे तेही कारण असू शकतं. पण आधी भार बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाचे 10 ते 15 टक्के कारला जोडणाऱ्या कपलिंगवर यायला हवेत, सामान मागे गेलं की ते घटतं.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा आणि 80 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. स्टेपनीही याच मापाची ठेवा. चाकं बदलताना नटही बदलले असतील, तर जुन्या स्टेपनीला ते बसतात का ते घरीच लावून बघा.