लिझर्डफोक घेताना आधी कातडी बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लिझर्डफोक, म्हणजे सरड्यासारखा माणूस, घ्यायचा असेल तर दात नंतर बघा, आधी कातडी. तिचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 13 अधिक डेक्स्टेरिटी मॉडिफायर (चपळाईचा वाढीव आकडा). स्टडेड लेदर या चामडी चिलखताचा 12 अधिक तोच. मॉडिफायर +3 असला की फुकटात 16, ढाल धरली की 18. विझर्डसारख्या, म्हणजे चिलखत न घालणाऱ्या जादूगारासारख्या, उघड्या जिवाला ढालीविनाही ही कातडी सोनंच! प्लेट हे जड चिलखत घालणाऱ्या फायटरला, म्हणजे योद्ध्याला, मात्र ही कातडी वाया.

15 मिनिटं श्वास रोखणं, पोहणं वगैरे डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारूनच मोजा. जळगावात भरीत-पुरीवर ताव मारत मी हौसेनं हा गडी घेतला, आणि मोहीम निघाली वाळवंटात. तापी राहू द्या, साधा नालासुद्धा लागला नाही.